डावा स्पीकर खालच्या आळीचा

दोष सगळा कोंडिबा आबांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी काय बोललो तर तुम्ही मधेच ‘अरे पण वडीलधाऱ्या माणसाबद्दल असं’ करत उठायला नको. वडीलधारं माणूस म्हणजे काय, चूक करायचं लायसन मिळतं का वयाबरोबर? पांढऱ्या मिशा आल्या की दुसऱ्याच्या बोर्डातली पिन काढायचा हक्क आपोआप येतो का? मला कुणी सांगा, मी पण मिशा पांढऱ्या करून घेतो.

तर कोंडिबा आबा म्हणजे माझ्या आईचे चुलते. पासलीच्या पुढं डोंगराला चिकटून एक वाडी आहे, तिथल्या वरच्या आळीचे कारभारी. वाडीत घरं मोजकीच, पण आळ्या दोन, वरची आणि खालची, आणि दोघींच्या मधोमध भैरोबाचं देऊळ. भैरोबा कुणाचा, यावर अजून निकाल लागलेला नाही. आणि मी इंद्रजित, भोंगवलीचा, डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला, त्यामुळं पाहुण्यारावळ्यांत माझं नाव इंद्रजित नाहीच, ‘ते सोडलेलं पोरगं’ असंच आहे. मी कॉलेज सोडलं आणि पावरवाले स्पीकर घेतले. पावरवाले म्हणजे अॅम्प्लिफायर वेगळा लागत नाही, तो स्पीकरच्या पोटातच. लाईटची पिन लावायची, मिक्सरची केबल लावायची, झालं काम. शहाण्या माणसाचं यंत्र आहे. ते नेलं मी असल्या माणसांत.

त्यात आमचे आप्पा. आमच्या तीर्थरूपांचं नाव गेनू, माणूस बोलतो कमी आणि ठरवतो जास्त. त्यांनी अट घातली होती, “एक कार्येक्रम. फकस्त एक. कुणाची तक्रार न येता पार पाडून दाखव, मग वाजवीत बस जलमभर. न्हाईतर सोमवारी शिरवळला कंपनीत. म्या सायबाशी बोलून ठिवलंय.” आणि तो एक कार्यक्रम कुठला मिळावा? कोंडिबा आबांनी दिलेली सुपारी. भैरोबाच्या नव्या कळसाची. दुपारी मुहूर्त, कळस चढायला लागला की भैरोबाचं गाणं वाजलं पाहिजे, एवढंच काम. आप्पा तिथले जावई, म्हणजे तेही हजर, पुढच्या खुर्चीवर, डोक्याला फेटा, हातात नारळ, डोळे माझ्यावर.

बरं, मी काय हलगर्जीपणा केला? पप्पूच्या टेम्पोत सामान घालून सकाळीच पोचलो. पप्पू माझा शाळेपासूनचा दोस्त, टेम्पो चालवतो, अक्कल माझ्यापेक्षा थोडी बरी कारण तो कॉलेजला गेलाच नाही. दोन स्पीकर दोन बाजूंना, मधे मिक्सर, आणि लाईट सगळी आबांच्या ओटीवरनं एकाच बोर्डावर. माझा नियम आहे तुम्हाला सांगतो, सगळं सामान एका पंगतीला बसवायचं. मिक्सर एकाकडं जेवला आणि स्पीकर दुसऱ्याकडं जेवला की भांडण लागतंच. लावून बघितलं, आवाज कसा, तर गाणं बंद केलं की स्पीकर चालू आहे हे पण कळू नये, इतका स्वच्छ. आप्पांनी पण मान हलवली. थोडीशीच, पण हलवली. मी पाहिली.

मग मामाकडं जेवायला गेलो. हीच माझी चूक. जेवायला गेलो.

आलो, मिक्सर चालू केला, आणि डावा स्पीकर काय म्हणतोय? घूंऽऽऽ.

गाणं नाही, माईक नाही, काही नाही, नुसतं घूंऽऽऽ. म्हटलं लॅपटॉपचा चार्जर असेल, चार्जरमुळं हमिंग येतंच येतं, चार्जर काढला. घूंऽऽऽ. म्हटलं मंडपवाल्यानं लाईटची वायर माझ्या केबलवरनं नेली असेल, दोघी गळ्यात गळा घालून पडल्या होत्याच, त्यांना हातभर लांब केलं. घूंऽऽऽ. डाव्याची केबल उजव्याला, उजव्याची डाव्याला. घूं डावीकडंच. मग आम्ही लाईटच्या वायरी होत्या तिथंच ठेवून स्पीकरच उचलून इकडचा तिकडं केला, पप्पूच्या कमरेत लचक भरली, आणि डावीकडं आलेला चांगला स्पीकर काय म्हणतोय? घूंऽऽऽ. केबल काढली तर गप. लावली की सुरू. म्हणजे स्पीकर चांगला, केबल चांगली, मिक्सर चांगला, आणि आवाज मात्र असा की देवळात भुंग्यांची ग्रामसभा भरलीय.

आणि अशा वेळी सल्ले द्यायला कोण पुढं येतं? ज्याला टॉर्चचा सेल घालता येत नाही तो. पहिले अर्थात आबा. काठी टेकत, सावकाश, जसं काय हे यंत्र यांनीच लहानाचं मोठं केलंय. “इंद्या, आवाज बारीक कर, जाईल त्ये.” मी म्हटलं, आबा, गाण्याचा आवाज बारीक केला तरी हा जात नाही. “मंग मोठा कर, त्यात दडपून जाईल.” मग म्हणाले नारळ फोडला होतास का. मग काठीनं स्पीकरच्या डोक्यात एक हाणली, “आमच्या रेडिओला म्या असंच करायचो, लगीच बोलायचा.” माझ्या स्पीकरला काठी. तुम्ही सांगा, मी काय करायचं? माझ्या वयाच्या कुणी मारली असती तर मी त्याला तिथंच आडवा केला असता, पण आबा, मग काय, पाया पडायचं माणूस. आणि इतका वेळ आप्पा? खुर्चीवर. तंबाखू मळतायत. मळतायत. मळतायत. त्या मळण्यात मला शिरवळ दिसत होतं.

देवळावर गवंडी चढून बसलेला, कळस खाली पाटावर, बायका आरत्या घेऊन उभ्या, गुरव सारखा वर सूर्याकडं बघतोय, आणि डावा स्पीकर काय म्हणतोय? घूंऽऽऽ.

आणि मग तो घूं अचानक घर्रर्र झाला. नुसता वाढला नाही, दात लावून वाढला. पप्पू म्हणाला, “आयला, ह्याला आता मिशा फुटल्या.” मी म्हटलं थांब, हे नवीन काय? कान दिला तर लांबून खालच्या आळीतनं पिठाची गिरणी चालू झाल्याचा आवाज येतोय. थोड्या वेळानं गिरणी थांबली. स्पीकर परत साध्या घूंवर. मी पप्पूकडं बघितलं, पप्पूनं माझ्याकडं. गिरणी खालच्या आळीत, आपली लाईट वरच्या आळीतनं, मग गिरणीचं दळण माझ्या स्पीकरात कसं पडतंय?

एवढ्यात गिरणीवाल्या फुलाबाई स्वतःच आल्या. केसांवर पीठ, पदरावर पीठ, तोंडावर नुसतं समाधान. स्पीकरपुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, जसं काय नातू बघायला आल्यात. म्हणाल्या, “काय झ्याक वाजतोय गं बाई आमचा.”

आमचा? मी म्हटलं मावशी, तुमचा कसा?

“म्हंजे? डावा आमच्या लायटीवर हाय न्हवं. आमच्या भिमानं गिरणीतनं वायर आणून दिली. आबांनीच काढून लावली की पिन, तू जेवाय गेल्तास तवा.”

मी मंडपाचं कापड वर केलं. माझ्या बोर्डाशेजारी दुसरा बोर्ड, तसलाच पांढरा, आणि डाव्या स्पीकरची पिन त्यात. त्याची वायर खालच्या आळीकडं चाललीय, झाडाला बांधत, कुंपणावरनं, थेट गिरणीत. मी आबांकडं बघितलं. आबा दुसरीकडं बघायला लागले. म्हटलं, आबा, हे काय केलं? तर काय म्हणावं या माणसानं, “मानाचा विषय हाय इंद्या. लायटीचा मान एकाच आळीला कसा दिऊ? भांडणं झाली असती. म्हणून उजवा वरच्या आळीचा, डावा खालच्या आळीचा. न्याय झाला.”

न्याय झाला. मी घसा फोडून सांगितलं, आबा, दोन घरांचं अर्थिंग वेगळं असतं, माझी केबल त्या दोघांना जोडते, आणि दोन्ही घरांची लाईट माझ्या केबलमधे येऊन एकमेकांच्या उरावर बसते, तेच हे घूं आहे, ते गाणं नाही, ते भांडण आहे. सगळं परत एका बोर्डावर घ्या, लगेच थांबेल. आबांनी शांतपणे विचारलं, “कुणाच्या?”

बघा म्हणजे. कुणाच्या. मी म्हटलं मग देवळाच्या मीटरवरनं घेऊ. तर देवळाला मीटरच नाही, कारण मीटर कुणाच्या नावावर घ्यायचं ते ठरलं नाही, भैरोबा इतकी वर्षं पणतीवर आहे. म्हटलं एकच स्पीकर लावतो, देऊळ केवढं, माणसं किती, एक पुरतो. “कुठला?” तुम्हाला सांगतो, त्या वाडीत प्रश्न दोनच आहेत, कुणाचा आणि कुठला. वर आबांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, कानात म्हणाले, “इंद्या, खालच्यांचा मगाधरनं बोलतोय. आपल्या उजव्यातनं बी काढ की थोडं, आपली सोभा जातीय.”

मी हसलो नाही. मला रडायला पण वेळ नव्हता. गवंड्यानं वरनं हाक दिली होती.

मग मी डोकं चालवलं. हो, त्या सोडलेल्या पोरानं. डाव्या केबलच्या आत गाणं नेणाऱ्या दोन तारा असतात आणि त्यांच्याभोवती एक जाळी असते, ही दोन घरं भांडायला येतात ती जाळीतनं. म्हटलं पिना राहू देत तुमच्या मानाच्या, मी जाळी एका टोकाला तोडतो, तुमची भेट बंद, माझं गाणं चालू. पप्पूच्या चावीच्या जुडग्यातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर, पप्पूचेच दात, केबलचं तोंड उघडलं, जाळी तोडली, परत बसवलं. लावलं.

गप. एकदम गप. इतकं गप की आप्पांच्या तळहातावर चुना पडल्याचं ऐकू आलं असतं. मी आप्पांकडं बघितलं. आप्पांचा मळता अंगठा थांबला होता. देवाशपथ सांगतो, त्या माणसाच्या तोंडावर मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं की पोरगं कामाचं आहे.

आणि तेवढ्यात खालच्या आळीतनं भिमा उठला. फुलाबाईंचा पोरगा, बाह्या वर सारलेल्या. “आमचा डावा बंद का केला?”

मी म्हटलं बंद नाही दादा, दुरुस्त केला. “दुरुस्त? मगाधरनं आमचा एकट्याचा चालू हुता, वरच्यांचा मुका. आक्ख्या वाडीनं ऐकलंय. तुमाला बघवलं न्हाई.” मागनं फुलाबाई, “कसा भरून वाजत हुता माझा.” आणि मग निघाला माझा गुन्हा, “हा भाचा कुणाचा? वरच्या आळीचा. मंग करणारच की.” मी गाणं लावलं, दोन्ही स्पीकर वाजले, सारखे वाजले, भिमा डाव्याला कान लावून म्हणतो, “आमच्यात दम कमी हाय.” मी म्हटलं, ऐका तरी. आबांनी ऐकून घेतलं का? आबा म्हणाले, “असंल कमी. लाईट ज्याच्या त्याच्या घरच्यासारखी येतीया.”

झालं. भिमानं डाव्याची पिन उपटली. ते बघून वरच्यांनी उजव्याची आणि मिक्सरची उपटली, कारण खालच्यांनी मान परत घेतला तर आपण काय म्हणून द्यायचा. वर कळस चढतोय आणि खाली काय वाजतंय? गुरवाची घंटा. बाकी काही नाही. आरत्या झाल्या, अंगारा झाला, आणि आबा सगळ्यांसमोर काय म्हणाले माहितीय? “यंदा कसा शांततेत पार पडला कार्येक्रम.”

आप्पा उठले. नारळ पिशवीत घातला. टेम्पोपाशी आले आणि एवढंच म्हणाले, “हुशार हायस तू. पर तक्रार आली.”

परवा आबांचा फोन होता. दोन्ही आळ्या माझ्यावर खूश आहेत म्हणे, पुढच्या वेळी दोन डीजे लावायचं ठरलंय, त्यातला वरच्यांचा मी. मी सांगितलं, जमणार नाही.

स्पीकर आप्पांनी विकले. सोमवारपासून मी शिरवळच्या कंपनीत पहिल्या पाळीला आहे. माझ्या शेजारचं मशीन दिवसभर घूं करतं, आणि मला त्याला हात लावायची परवानगी नाही.