तिसऱ्या पायरीखालची निळी डबी

...दिसत नाही म्हणजे काय? नाही, तुम्हीच सांगा, तिसऱ्या पायरीखाली ठेवलेली डबी तीस माणसांना दिसत नाही म्हणजे काय? आणि हे कोणाला सांगतात, तर मला, जो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून विचारतो, "खालची ओळ दिसते का?"

आता डबी कसली, तर जिओकॅशिंगची. म्हणजे आपण एक डबी लपवायची, आत सहीसाठी कागद ठेवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे, लोकांनी फोन घेऊन ती शोधायची, सही करायची आणि होती तिथे ठेवायची. हसू नका, घरी बायको हसते तेवढं पुरे! आमच्या मंडळात सगळ्यांच्या डब्यांत सह्या मावत नाहीत, आणि माझी? वाचनालयामागे, लोखंडी जिन्याखाली, निळ्या घट्ट झाकणाची, पाणी न शिरणारी... वर्ष झालं, सही शून्य. जो येतो तो लिहितो, डबी नाही. नाही कशी? रोज सकाळी सातला फिरायला जाताना मी लांबून बघतो, झाकण तिथेच. जवळ जात नाही, जागा फुटेल. पण यांना दिसत नाही म्हणे!

शेवटी आमचे अध्यक्ष, ज्यांच्या स्वतःच्या डब्या आंधळ्यालाही सापडतील, ते म्हणाले, नाताळपर्यंत एक तरी सही दाखवा, नाहीतर तुमची डबी यादीतून बाद. अहो, शाळेच्या नाटकातून बाद झालो, कॅरमच्या टीममधून झालो, आता या वयात डबीतूनही बाद?

मग बसलो गाणं लिहायला. नाताळच्या मेळाव्यात मंडळी एक जुनं गाणं म्हणतात, चाल सगळ्यांना पाठ. मूळ गाण्यात मेंढपाळ ताऱ्यामागे जातात. मी तारा काढला, उपग्रह घातला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत थेंब टाकायचे, तो डोळे मिटून बसला की इकडे यमक जुळवायचं. आठ दिवस!

आकाशी उपग्रह, हाती फोन,
झुडपात शिरतंय बघा कोण!
वाचनालयामागे लोखंडी जिना,
तिसऱ्या पायरीखाली बघा ना!

बायको म्हणाली, "अहो, यापेक्षा बाण काढून पाटी लावा." लावली असती हो... तीही दिसली नसती.

मेळावा रविवारी सकाळी. काय गायले! टाळ्या, वन्स मोअर, आणि अकराच्या सुमाराला गात गातच सगळी मिरवणूक वाचनालयाकडे. माझी छाती ही एवढी फुगलेली. अध्यक्ष वाकले, टॉर्च मारला, हात घातला, कोळ्याचं जाळं काढलं. डबी नाही. तीस जणांनी हात घातला. नाही. आणि मी सातला बघितली होती हो! अध्यक्ष म्हणाले, "गाणं खरं, डबी खोटी," आणि यादी काढून तिथेच काट मारली. समोरच्या बाकावर वाचनालयाचे वॉचमनकाका बसले होते, त्यांच्या शेजारी मटकन बसलो. ते म्हणाले, पाणी देऊ का. मी जिन्याकडेच बघत राहिलो, त्यांना काय कळणार माझं दुःख! तोवर मंडळी परत निघाली... तेच गाणं म्हणत. माझं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बघतो, तर डबी जागेवर. वर्षात पहिल्यांदा हात घालून उघडली. कागद पाठपोट भरलेला. एकच सही, रोजची, तारखेसकट.

तिथेच बसून राहिलो. आठला काका ड्यूटीवर आले.

"साहेब, ती तुमची होय? फार सोयीची आहे बघा. दिवसभर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात असतात. संध्याकाळी परत जागेवर ठेवतो, दुसऱ्याची वस्तू घरी कशी न्यायची? सही करा असं लिहिलंय, म्हणून रोज करतो. कागद तेवढा नवा द्या."

"काका, काल तीस माणसं शोधत होती, सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, गाणी म्हणायला आलेत. डबी तर माझ्या मांडीवरच होती. तुम्ही शेजारी बसला होता ना?"

दिला नवा कागद. अध्यक्षांना काही सांगितलं नाही. काय सांगू? माझ्या दुकानावर पाटी आहे, 'डोळे काळजीपूर्वक तपासून मिळतील'.