दोन आंतोन, एक बाइक

क्रेडिट रिपोर्टचं काय घेऊन बसलायस, माझं ऐक! आमच्या सांडोर गावात आम्हा ख्रिस्ती लोकांत आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, म्हणून मीही आंतोन आणि माझा चुलतभाऊही आंतोन. आडनाव, पत्ता, सगळं एकच. बँकेत होम लोन मागायला गेलो, तर मॅनेजर म्हणाले, "तुमच्या रिपोर्टवर आमचंच बाइक लोन थकीत दिसतंय. वसुलीला गेलंय."

"साहेब, माझ्याकडे सायकलसुद्धा नाही!"

त्यांनी माझ्या हातातल्या हेल्मेटकडे बघितलं. "मग आलात कसे?"

"भावाच्या बाइकवर. तोही आंतोनच."

"गाडीचा नंबर?"

मी सांगितला. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तोच नंबर!

मी चावी काढून टेबलावर ठेवली. "घ्या, गाडी खाली उभी आहे. आता माझं नाव साफ करा, मी बसने जातो."