डोंगरातलं कूळ

माझे सासरे नेऱ्याकडच्या जागांची दलाली करतात. जावई दिवसभर घरात बसून करतो तरी काय, ही त्यांची जुनी चिंता. परवा पनवेलला आमच्याकडे आले, तेव्हा म्हटलं, आज दाखवूनच टाकू. मी खेळांसाठी नकाशे काढतो; स्क्रीनवर त्यांचे षटकोनी तुकडे उघडले. कुठे जंगल, कुठे दलदल, कुठे डोंगर. एकमेकांना जोडले की खेळाचा नकाशा तयार होतो.

त्यांनी चष्मा चढवला. "जावईबापू, डोंगराला रस्ता नाही?"

"नाही बाबा, तिथे ड्रॅगन राहतो."

"कधीपासून?"

"गोष्टीत हजारेक वर्षं."

"जागा त्याच्या नावावर आहे?"

"नाही, राजाच्या."

सासऱ्यांनी चष्मा काढला. "मग कूळ लागलंय. राजाला सांगा, कोर्टात गेलात तरी ते आता उठायचं नाही. बाजूचं जंगल दाखवा."

"तिथे चेटकीण आहे."

"तीही जुनीच?"

मी मान डोलावली.

काल साडूकडे पूजेला सासरे अगदी अभिमानाने सगळ्यांना सांगत होते, "आमचे जावई आमच्याच लाइनीत आहेत. फक्त एकाही जागेचं टायटल क्लिअर नाही हो त्यांच्याकडे!"