पाटीचा जबाब

...आणि वर मलाच विचारतात, मशीन कधी खोटं बोलतं का? आता काय सांगू? बोलतं. मीच शिकवलं त्याला.

तुम्हाला सांगतो, चार वर्षं कानपूरला शिकलो, परत आलो ते गाव सुधारायलाच, आणि पहिलं काम काय, तर आमच्या दूध डेअरीतल्या फॅट मोजायच्या मशीनला लाल आकड्यांची पाटी जोडली, म्हणजे सगळं कसं लोकांच्या डोळ्यांदेखत... पाटीला आकडा पाठवणारा प्रोग्रॅमही माझाच. पाटी बिचारी दरवेळी उलट जबाब देते, आकडा मिळाला किंवा नाही मिळाला. तो जबाब वाचायचा असतो. मी वाचला नाही. मी पाठवलाय म्हणजे पोचणारच, हा तोरा.

परवा सकाळी वैजीनाथचं दूध लागलं, पाटीवर तीन पूर्णांक एक. तो पाणी घालतो हे त्याच्या म्हशीलाही माहीत आहे. त्याच्यामागं मालनबाई, दोन म्हशींवर एकटीनं घर चालवणारी. नेमकी तेव्हाच मशीन आणि पाटीमधली वायर हलली, पाटी सांगतेय नाही मिळाला, नाही मिळाला, पण जबाब वाचतो कोण? वैजीनाथचाच आकडा तसाच राहिला. सचिव दिनकरराव चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "मालनबाई, तुमी बी पाणी घालायलाव व्हय? उद्यापासून दूध आणू नका." बाई एवढंच म्हणाली, "शिकल्यालं मशीन हाय, मी काय बोलू..." आणि भरली चरवी उचलून निघाली. आणि मी? शेजारी उभा होतो, पाटीकडं कौतुकानं बघत.

दुपारी प्रोग्रॅम तपासला तेव्हा कळलं. जबाब वाचला नव्हता मी. दोन ओळी घातल्या, 'मिळाला' असा जबाब नाही आला तर जुना आकडा पुसून आडव्या रेघा दाखवायच्या. मालनबाईच्या दारात जाऊन हात जोडले. नवी वायर परभणीहून यायची होती, पण तोवर थांबतोय कोण?

आज सकाळी रांगेसमोर सांगितलं, चूक माझी, बाईची नाही. तिचं दूध लावलं, वायर हलली, पाटीवर रेघा. मी खूश, बघा, आता खरं बोलतंय. दिनकरराव म्हणाले, "परवा तीन तरी होतं. आज तर दुधात काहीच न्हाई." मी धावत जाऊन वायर दाबून धरली, पुन्हा मोजलं, सात पूर्णांक दोन. तर म्हणतात, "असं व्हय? तुमी धरल्यावरच सात येतंय?"

सगळी रांग हसली. मालनबाईनं चरवी उचलली आणि हळूच म्हणाली, "लय दुरुस्त केलंस बाबा. आता हात लावू नको."