यादीतली पहिली डिस्क

हरिप्रिया : फोन ठेवू नकोस अनिकेत, सर्व्हर उठला! पोटात एकही डिस्क नाही, तरी तुझ्या नेटवर्कवरच्या डिस्कवरून उठला. लॉगिन आलं बघ समोर.

अनिकेत : मानलं बाई तुला. आता डोळ्यांच्या फोटोंची डिस्क लाव तेवढी, म्हणजे इकडं सिरुसेरीच्या ऑफिसचं कॅन्टीन बंद व्हायच्या आत मी दोन घास खातो.

हरिप्रिया : लावते की. दोन दिसतात. एक, जिच्यावरून उठला ती. दुसरी रिकामी.

अनिकेत : रिकामी कशी असेल? शुक्रवारी मीच फोटो भरलेत तिच्यात.

हरिप्रिया : कोरी आहे रे. फॉरमॅटसुद्धा नाही.

अनिकेत : ज्या डिस्कवरून उठला, तिचा नंबर वाच. शेवटची चार अक्षरं.

हरिप्रिया : सात, सी, शून्य, चार.

अनिकेत : परत वाच.

हरिप्रिया : सात, सी, शून्य, चार. अय्यो, का रे?

अनिकेत : ती फोटोंची आहे.

हरिप्रिया : नाही. तूच म्हणालास, बूटची डिस्क शून्य नंबर. यादीत पहिली होती तिच्यावरच इन्स्टॉल केलं मी.

अनिकेत : यादी नंबरानं नाही लागत गं. आधी सापडते ती वर. म्हणून तर इन्स्टॉल होईपर्यंत बाकीच्या लपवून ठेवतात.

हरिप्रिया : मग लपवली का नाहीस?

अनिकेत : लपवलेली पुन्हा उघडायला दुसरी मंजुरी लागते. ती मिळते गुरुवारी. तुमच्या डॉक्टरांना आज हवं होतं. म्हटलं, हरिप्रिया आहे, नंबर ताडून घेईल.

हरिप्रिया : दोन्ही दोनशे जीबीच्या. एका मापाच्या का केल्यास?

अनिकेत : सवय.

हरिप्रिया : जुना सर्व्हर?

अनिकेत : पुसून परत दिला.

हरिप्रिया : बॅकअप?

अनिकेत : नवा उठला की लावणार होतो.

हरिप्रिया : खरवडून काही निघेल ना?

अनिकेत : थोडे फोटो निघतील. पण नावं-तारखांवरच इन्स्टॉल बसलंय. कुठला डोळा कुठल्या बाळाचा, कोण सांगणार?

हरिप्रिया : दिवस भरायच्या आधी झालेली बाळं रे ती. डोळ्यातल्या शिरा वेड्यावाकड्या वाढतात. मागच्या फोटोशी ताडून ठरवतात, लेझर आज करायचं की थांबायचं. आमच्या लेकीस, रंजनीसही चारदा आणलं होतं इथं. मी पडद्याकडं बघायचीच नाही, डॉक्टरांच्या तोंडाकडं बघायची.

अनिकेत : ऐक. डिस्कच गेली म्हणू. जातात कधीकधी.

हरिप्रिया : म्हण तू. त्यानं शिरा दिसतील का?

(दार उघडून डॉक्टर कृष्णवेणी आत येतात.)

कृष्णवेणी : झालं का गं? बाहेर आठ बाळं थांबलीत. एक कोवलमहून आलंय, आईस दोनची बस गाठायचीय. त्याचे जुने फोटो आधी काढ.

हरिप्रिया : डॉक्टर, सर्व्हर सुरू झाला, पण...

कृष्णवेणी : सेरि, सेरि, बरं झालं, पण-बिण नंतर. मागच्या सोमवारचा फोटो लाव. लेझर करायचं की नाही, सगळं त्याच्यावर आहे.

हरिप्रिया : तो नाही, डॉक्टर.

कृष्णवेणी : मग त्याच्या आधीचा लाव.