पेंढ्यावर वळवलेले केस

हसू नका गं, पण मला बघायला आले तेव्हा माझं डोकं मेंढीसारखं दिसत होतं. माझी मावशी माथेरानला हॉटेलात कामाला होती. मडमा ओले केस चिंध्यांवर गुंडाळून वाळवतात आणि कुरळे करतात, हे तिनं पाहिलेलं. पण लढाईमुळे कापड रेशनवर, चिंध्या आणायच्या कुठून? मग मावशीनं माझे ओले केस गुंडाळायला भाताचा पेंढाच घेतला.

कळंबचे पाहुणे आले. मुलाची आई म्हणाली, "केस दाव गं, लांबी बघू." तेव्हा तशी रीतच होती. मी पदर सरकवला.

बाईंनी एक बट ओढली, ती कमरेपर्यंत आली. सोडली, ती टुणकन कानाशी गेली. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. मग मुलाच्या काकीनंही ओढून बघितली.

"आता यात लांबी कंची धरायची?" काकी म्हणाली.

"पानी आना," बाई म्हणाल्या, आणि भरला तांब्या सरळ माझ्या डोक्यावर ओतला. केस सुतासारखे सरळ झाले. कपाळावरून पेंढ्याची एक काडी ओघळली.

"लांब हायेत. पोरगी पसंत!"

इतका वेळ मान खाली घालून बशीतला चहा फुरकणारा मुलगा तेव्हा पहिल्यांदा बोलला, "आये, मला मघाची पसंत हाय."