सिंथेसायझरला वारा घालणारी

बसा हो, उभ्याने काय बघताय — हां, विकायची जाहिरात आमच्या केतननेच टाकली. तो ऑफिसला, म्हणून दाखवायची ड्यूटी बायकोची. हा लाकडी खोका दिसतोय ना, नुसती बटणंच बटणं — हा जुना सिंथेसायझर, माझ्यापेक्षा वयाने मोठा, नि घरात मान पण त्यालाच जास्त. त्याला पट्ट्याच नायत, म्हणून वायर लावून हा नवा कीबोर्ड. पट्टी नुसती दाबायची नाय, दाबल्यावर अजून दाबायची, मग सूर फुगतो, थरथरतो. केतनने मला इतक्या वेळा समजावलंय — जसं काय दाब म्हणजे काय ते मला ठाऊकच नाय! सासू-नणंदेत राहून दाखव म्हणावं.

वाजवा की. लाजताय काय? — अहो, हे काय, ऑफिसचा मेल टाइप करताय का? केतनची पण हीच खोड. टकटक, टकटक. बोट ठेवा, थांबा, आता हळू वजन द्या — हां! — नाय हो, मला कुठलं येतंय! आमचे आबा तुर्भ्याच्या मार्केटात गोणी वाहायचे नि संध्याकाळी कोपरखैरण्यात भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसून जे शिकले तेवढंच. पेटीची पट्टी कितीही रगडा, आवाज वाढत नाय, तो भात्यातून येतो. म्हणून हा कीबोर्ड आला त्या रविवारी मी केतनच्या मित्रांसमोर बसले, नि माझा डावा हात गेला की मागे भाता शोधायला! हवेतच हलवतेय आपली. काय हसले मेले! केतन तर डोळे पुसेपर्यंत. अजून प्रत्येक पार्टीत सांगतो — आमच्या स्मिताने सिंथेसायझरला वारा घातला. लागलं हो मनाला, खोटं कशाला बोलू.

मग काय, तो ऑफिसला गेला की मी बसायचे. डावा हात मांडीखाली दाबून. आबांची काकड्याची चाल घ्यायची नि भात्याचा दम बोटात आणायचा. वेळ लागला, पण आला. — छे, त्याला कुठे माहिती! एकदा लवकर आला. कुलूप वाजलं तशी मी पटकन उठले, तर हा दारात उभा, बूट पण काढले नाय. "कुणाचं रेकॉर्डिंग लावलेलंस?" म्हणतो. डोळ्यांत पाणी त्याच्या, आईशप्पथ. मी म्हटलं, असंच, मोबाइलवर सापडलं. मजा वाटली जरा — नाय, मजा कसली, भीती वाटली. पुन्हा हसला असता तर? आणि हा शहाणा काय करतो? आठवडाभर तोंड पाडून बसला, मग म्हणतो, "असं वाजवणारी माणसं असतात गं, मी उगाच पसारा मांडलाय. विकून टाकतो." बायकोच्या वाजवण्याची हाय खाल्ली नि बायकोच्याच हातातलं वाद्य विकायला काढलं! आता हसू की रडू, तुम्हीच सांगा.

काय म्हणालात? सांगून टाकू? तुम्हाला बोलायला काय जातंय! तो म्हणणार, "खरंच तू?" — आणि ते 'खरंच' ऐकून घ्यायचं मी — अहो, वायर का काढताय? ठेवा ती पिशवी खाली. ठेवा म्हटलं ना! आवडलं म्हणून घेऊन निघालात? तुम्ही पण केतनसारखे घरी मांडून फोटोच टाकणार. करा केतनला फोन, सांगा सौदा नाय झाला. का म्हणून विचारेल — म्हणावं, घरात वाजवणारं माणूस आहे. कोण ते विचारलं तर… नको, राहू द्या. ते मी सांगते. निघा तुम्ही, दार ओढून घ्या. मला बसायचंय.